साडेतीन कोलांट्या आणि एक खोकला

त्रिएस्ते, २ मार्च

मिर्ना,

तू फोनात माझा नंबर अडवून ठेवला आहेस, म्हणून कागद. कागद अडवता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. तेव्हा महत्त्वाचं ते पहिल्या दोन ओळींत उरकायचं असं मी ठरवलं होतं. हुकलं.

घरी सगळं ठीक. चार दिवस बोरा सुटलाय, आपला तो डोंगरावरचा वारा. खालच्या सिन्योरा एत्ताची चादर उडून समोरच्या दंतवैद्याच्या पाटीवर जाऊन बसली, आणि पाटी झाकल्यापासून त्याच्याकडे पेशंट वाढले आहेत. क्लबात पोरी तुझी आठवण काढतात. मी काढत नाही, मला कामं असतात.

परवा पेपरात तुझ्या नव्या गुरुजींची मुलाखत वाचली. फोटोत पेरोनेचं पोट आत ओढलेलं होतं, बिचाऱ्याला श्वास घ्यायला पुढचं पान मिळालं असेल अशी आशा आहे. तो म्हणतो की बारा एप्रिलला तूरिनच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिर्ना सांचिन पाचवा सूर म्हणून उलटी साडेतीन मारणार. दहा मीटरवरून, पाण्याकडे पाठ, गुडघे छातीशी, साडेतीन कोलांट्या.

मिर्ना, तो सूर यादीतून काढ. अडीच मार. तुझी अडीच सुंदर आहे, परीक्षकांनाही ती आवडते. साडेतीनसाठी तुझा डावा खांदा तयार नाही. मी तुला दहा वर्षं शिकवलंय, तुझा खांदा मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो.

सप्टेंबरात रोमला हाच सूर मारताना काय झालं, ते तुला आठवतच असेल. मी तिथे नव्हते. मी इथे एकोणचाळीस डिग्री तापाने पडले होते. दहा वर्षांत चुकवलेली ती माझी एकमेव स्पर्धा. तू पाठीवर सपाट आपटलीस, रक्त थुंकलंस, आणि घरी येऊन बॅग भरलीस, रोमला पेरोनेकडे जायला. "मम्मा, तू मला माझं पाणी बघूच देत नाहीस," एवढंच म्हणालीस. त्या वाक्याचा अर्थ मी सहा महिने लावते आहे.

खांद्याचं मनावर घे.

निवेस
(जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात आहे तीच)

त्रिएस्ते, ९ मार्च

मिर्ना,

उत्तर नाही. ठीक आहे, टपाल खातं आपलंच आहे.

मी पेरोनेला फोन केला. चिडू नकोस. आधी चिडून घे, मग वाच.

"सिन्योरा निवेस!" तो इतक्या आनंदाने ओरडला की मला वाटलं मी त्याची मावशीच आहे. "काय म्हणतोय तो खोकला?"

बघ, माणसं माझी आठवण कशाने ठेवतात ते. मी म्हटलं, खोकला बरा आहे, मुलगी कशी आहे?

"मुलगी? अहो, हिरा आहे! काल साडेतीन मारली तर पाण्याला कळलंसुद्धा नाही."

"आणि गुडघे सोडून अंग उघडायची हाक? तुम्ही देता?"

"म्हणजे काय? देणारच की. मी खाली काठावर उभा, ती तिसऱ्या फेरीतून आली की 'होप!' ती उघडते. घड्याळ आहे पोरगी."

"दर वेळी देता?"

"दर वेळी. का हो?"

"आणि स्पर्धेत?"

तो हसला. "स्पर्धेत कोण हाक देतो, बाई? नियम तुम्ही मला शिकवणार? सूर सुरू झाल्यावर बाहेरून कोणी मदत केली की सरळ शून्य. स्पर्धेत ती स्वतः बघेल. इतकी वर्षं बघतेच आहे ना! तुमच्याकडे असताना तर प्रत्येक स्पर्धेत सरावापेक्षा चांगली उघडायची. हे तुम्हाला कसं जमवता आलं, एकदा शांतपणे विचारायचंय मला."

मी म्हटलं, दारावर कोणीतरी आलंय. दारावर कोणी नव्हतं.

त्यानंतर मी यॉटा सूप करायला घेतलं आणि त्यात दोनदा मीठ घातलं. सिन्योरा एत्ताला वाटी दिली, तर ती म्हणाली, "निवेस, अगं घोटभर समुद्रच दिलास की. मुलीचा फोन आला नाही वाटतं?" त्या बाईला चवीवरून सगळं कळतं. आवाजावरून काही कळत नाही, एवढं तरी बरं.

मिर्ना, अडीच मार. खांद्याचं सोड. कारण दुसरं आहे. ते मला अजून लिहिता येत नाही. तू माझं ऐकावंस म्हणून मी आजवर कधी विनंती केली नाही, हुकूमच केला. ही विनंती आहे. तिचा आकार ओळखीचा नसेल म्हणून सांगितलं.

निवेस

त्रिएस्ते, १५ मार्च

मिर्ना,

हे पत्र रजिस्टरने पाठवते आहे, पोचपावती जोडून. तू सही केलीस की पावती मला परत येईल. बसून वाच. मंचावर जाण्याआधी वाचू नकोस. वाचल्यावर त्या दिवशी मंचावर जाऊ नकोस.

तू अकरा वर्षांची होतीस. उदिने, विभागीय स्पर्धा, पाच मीटर, उलटी दीड. मला खराखुरा खोकला होता, छाती भरलेली. मी प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसले होते, कारण काठावर उभी राहिले असते तर परीक्षकांनी मला बाहेर काढलं असतं. तू उडालीस, फिरलीस, आणि मला ढास लागली. नेमकी त्याच क्षणी. तू उघडलीस आणि सरळ आत गेलीस. आदल्या दिवशी सरावात तू तोच सूर सहा वेळा पोटावर मारला होतास.

बाहेर येऊन तू म्हणालीस, "मम्मा, मला आज पाणी दिसलं!"

दिसलं नव्हतं. ऐकू आलं होतं.

सरावात मी तुला हाक द्यायचे, सगळेच देतात. नवा सूर शिकताना पोरीला वर-खाली कळत नाही, गुरूच्या आवाजावर ती उघडते. मग हळूहळू हाक बंद करायची असते. आज द्यायची, उद्या नाही द्यायची, पोरगी एक-दोनदा आपटते, रडते, आणि एक दिवस फिरता फिरता तिला पाणी दिसतं. हे प्रत्येक गुरूला ठाऊक असतं. मलाही होतं. पुढच्या स्पर्धेत मी बसले तेव्हा छाती अगदी साफ होती. तू उडालीस. मी खोकले.

दहा वर्षं, मिर्ना. सत्तेचाळीस स्पर्धा. मी नेहमी तिसऱ्या रांगेत डावीकडे बसायचे, ते तिथून पंचांची पाठ दिसते आणि मंच समोर असतो म्हणून. तू उडताना सगळा हॉल श्वास धरतो, एवढ्या शांततेत एक खोकला पुरतो. तुला कधी तो वेगळा म्हणून जाणवलाच नाही, कारण तुझ्या कानांनी मला जन्मापासून ऐकलंय. बाकीच्यांना एवढंच कळलं की त्रिएस्तेच्या त्या बाईला छातीचा विकार आहे. परक्या क्लबांतल्या आया मला काढे लिहून द्यायच्या. तो म्हातारा पंच विझिंतिन, आठवतो? प्रत्येक स्पर्धेआधी खिशातून बडीशेपेच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवायचा. "सिन्योरा, आज तरी या घ्या, पोरीचं लक्ष विचलित होतं." मी गोळी गालात धरायचे आणि तुझी पाळी आली की रुमालात थुंकायचे. एकदा पाद्र्यापाशी कबुली द्यायला गेले, तर मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मुली, आधी मध घे."

सप्टेंबरात मला ताप आला. त्या हॉलमध्ये कोणीही खोकलं नाही. तू आंधळी फिरत राहिलीस आणि खाली पाणी आलं. त्या अपघाताबद्दल तू स्वतःला दोष दिलास, मला दिलास, आपल्या रोजच्या भांडणांना दिलास. तो न आलेल्या खोकल्याचा होता.

आता पेरोने सरावात हाक देतो. तूरिनला देणार नाही. आणि तू दहा मीटरवर पाठ करून उभी राहशील अशा समजुतीत की तुला पाणी दिसतं.

तुला सांगावं की सांगू नये, यावर मी दोन आठवडे घालवले. न सांगावं, तर तू पुन्हा आपटशील, आणि दुसऱ्यांदा तू फक्त रक्त थुंकून उठशील याची हमी मला कोणी देत नाही. सांगावं, तर पोरीच्या हातात राहतं काय? दोन राष्ट्रीय पदकं, जी तुझ्या आईच्या घशाने मिळवली. तिथे उभं राहायला जो विश्वास लागतो, तो मी या पाकिटात घालून तुझ्याकडून काढून घेते आहे. मला दोन्ही दिशांना पाणी दिसत नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे, उघडं. त्यात महासंघाच्या शिस्त समितीला मी लिहिलेलं पत्र आहे. नाव, तारखा, सत्तेचाळीस स्पर्धा. वाच. पोस्टात टाकायचं की नाही हे तू ठरव. टाकलंस तर तुझी पदकं जातील आणि माझा परवाना. हे मी तुझ्यावर का टाकते आहे? कारण मी भित्री आहे. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

अडीच मार, मिर्ना.

निवेस

त्रिएस्ते, २४ मार्च

मिर्ना,

पोचपावती आलेली नाही. रोज पोस्टात जाते. खिडकीतली बाई मला लांबून ओळखते आणि लगेच आपल्या पेनाचं टोपण शोधू लागते.

आज म्हणाली, "सिन्योरा, नऊ दिवसच झालेत."

"रोम चंद्रावर नाही."

"पत्रात काय होतं? किमती वस्तू?"

"हो. माझी अब्रू."

"मग विमा काढायचा होतात," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. सरकारी नोकरीत एवढी विनोदबुद्धी आहे हे मला माहीत नव्हतं, नाहीतर मीही परीक्षा दिली असती.

दुपारी पेरोनेचा फोन आला, आणि पावतीची गरज उरली नाही.

"बाई," तो म्हणाला. सिन्योरा नाही, काही नाही. "बाई, तुम्ही काय केलंत?"

"तिने सांगितलं?"

"तिने पत्र माझ्या हातात दिलं. माझ्यासमोर बसून म्हणाली, मोठ्याने वाच. मी वाचलं. अहो, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. पोरींना उपाशी ठेवणारे पाहिले, हातावर पट्टी मारणारे पाहिले. खोकणारी पहिलीच!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"पाच दिवस झाले," तो म्हणाला. "रोज वर चढते. दहा मीटरवर टोकाशी जाते, पाठ करते, टाचा बाहेर काढते, हात वर नेते. आणि उभी राहते. सात मिनिटं, आठ मिनिटं. मग जिन्याने खाली येते. जिन्याने! काल लहान पोरी खाली रांगेत उभ्या होत्या, त्यांच्यासमोरून."

"तिचं नाव काढा स्पर्धेतून."

"मी तेच म्हटलं. ती नको म्हणते."

"मग अडीच लिहा."

"तेही नको म्हणते. तिला एकच सूर हवाय. मला म्हणते, तू तोंड बंद ठेव, मी बघते." मग वेगळ्या आवाजात, "बाई, मला एक सांगा. तुम्ही स्वतः दहा मीटर सोडलंत ते का? कान फुटला होता ना तुमचा?"

मी त्याला हो म्हटलं. तुलाही मी हेच सांगत आले. माझा कान फुटला होता हे खरं, पण तो सहा आठवड्यांत भरून आला. मी सोडलं कारण त्यानंतर मी एकदा वर गेले, पाठ केली, टाचा बाहेर काढल्या, आणि जिन्याने खाली आले. एकोणीस वर्षांची होते. माझा गुरू काठावर बसून सिगारेट ओढत होता. मला हाक देणं त्याने दोन महिन्यांपूर्वी बंद केलं होतं, अगदी नियमाप्रमाणे. त्याचं काही चुकलं नव्हतं. मला पाणी दिसलं नाही, एवढंच. मग माझ्या पोरीला तरी काहीतरी ऐकू यावं असं मला वाटलं असेल. हे कारण म्हणून चांगलं दिसतं, म्हणून मला त्याचाही संशय येतो.

तो जिना मला माहीत आहे, मिर्ना. वर जाताना मोजायला नको वाटतो, खाली येताना प्रत्येक पायरी लक्षात राहते.

मी तिकडे येऊ का? नको म्हण. पण काहीतरी म्हण.

निवेस

त्रिएस्ते, ४ एप्रिल

मिर्ना,

तुझं कार्ड आलं. चित्र कोलोसियमचं. सगळ्या रोममध्ये तुला माझ्यासाठी पडकी इमारतच मिळावी, हे रास्त आहे.

मागच्या चार ओळी मला पाठ झाल्या आहेत, तरी लिहून काढते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की मी काही वाढवलं.

"पाकीट पोस्टात टाकलंय. तूरिनला ये. हॉलमध्ये येऊ नकोस. वरच्या बारला काच आहे, तिच्यामागे बस."

पाकीट टाकलंस. मला वाटलं होतं की मी हे वाचून खाली बसेन. बसले नाही. उलट क्लबात गेले आणि अध्यक्षाला सांगितलं. त्याने आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग विचारलं, "हे कोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, आता शिस्त समितीला. त्याने खिडकी परत उघडली. समितीने तेवीस एप्रिलला बोलावलंय. तोवर मी कोणालाही शिकवायचं नाही. किल्ली टेबलावर ठेवली. लहान पोरींना काय सांगायचं, असं अध्यक्षाने विचारलं. मी म्हटलं, खरं सांगा, त्यांच्या आयांनाही उपयोगी पडेल.

सिन्योरा एत्ताला मी स्वतः सांगितलं, जिन्यात. तिने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुला खोकला कधी नव्हताच?"

"नाही."

"आणि मी दहा हिवाळे तुला माझ्या सुनेच्या मळ्यातला मध देतेय!"

तिला बाकी कशाचं काही वाटलं नाही. मध मात्र तिने मागे मागितला नाही.

पेरोनेला मी आता फोन करत नाही, तोच करतो. आज म्हणाला की तू पाच मीटरवर गेलीस. उलटी दीड, हाकेशिवाय. उदिनेचा सूर. तीन दिवस आपटलीस. पाठीवर एवढे डाग पडलेत की पाहवत नाही, आणि पाण्यातून वर आलीस की दर वेळी एकच सांगतेस, दिसलं नाही, दिसलं नाही. मग काल साडेसात मीटरवरून अडीच. "आज काय म्हणाली?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. "आज नुसती निघून गेली आणि दोन प्लेट पास्ता खाल्ला." ही बातमी चांगली की वाईट हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. दोन माजी तज्ज्ञ.

आठ दिवस उरलेत. तू दहावर परत गेली आहेस का ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काचेमागे बसेन.

निवेस

तूरिन, १२ एप्रिल

मिर्ना,

हे मी बारमध्येच लिहिते आहे, कागद बारवाल्याच्या वहीतला आहे. तू खाली कपडे बदलते आहेस आणि वर येशील की नाही मला माहीत नाही. न येणार असशील तर हे पत्र हवंच, आणि येणार असशील तर तोंडाने मला हे जमणार नाही.

काच जाड आहे. मी आल्या आल्या बोटाने वाजवून पाहिली. बारवाला म्हणाला, "काय शोधताय?"

"पलीकडचा आवाज येतो का?"

"छे. मालकाने मुद्दाम दुहेरी बसवलीय. पलीकडे शिट्ट्या, इकडे कॉफी. इकडचं तिकडेही जात नाही हं, मोठ्याने रडायचं असेल तर बिनघोर रडा. इथे सगळ्या आयाच येतात."

चार सूर मी त्याच्या गल्ल्याशेजारी उभी राहून पाहिले. बसता येईना. तुझे चार सूर चांगले झाले. मी तसं म्हणते, कारण ते मी पाहिले कमी आणि मोजले जास्त. चारांनंतर तू सहावी होतीस. विझिंतिन पंचांच्या रांगेत बसला होता. मध्येच त्याने वळून प्रेक्षकांतली तिसरी रांग पाहिली, डावीकडे. तिथे कोणीतरी पोरगी चिप्स खात होती. त्याने खिशाला हात लावला आणि परत घेतला.

पाचव्यासाठी तू वर गेलीस. फलकावर आलं, उलटी साडेतीन. अडीच नाही. माझ्या हातातला कप बारवाल्याने काढून घेतला. 

"तुमची?" त्याने विचारलं.

"हो."

"मग खाली का नाही बसलात?"

"मला खोकला आहे."

"घ्या ना मग एक गरम…"

"गप्प बसा," मी म्हटलं. मग म्हटलं, "माफ करा."

तू पाठ केलीस. टाचा बाहेर. मी मोजत होते. पेरोने काठावर होता, दोन्ही हात मागे, तोंडात स्वतःची शिट्टी धरून, बहुतेक तोंड बंद ठेवायला. तू बारा सेकंद उभी राहिलीस. मला जिना दिसायला लागला. मिर्ना, त्या बारा सेकंदांत मी देवाकडे दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या: ती जिन्याने खाली येऊ दे, ती जिन्याने खाली येऊ देऊ नको. असा अर्ज कोणतंच ऑफिस घेणार नाही.

मग तू उडालीस.

एक. दोन. तीन. आणि मी खोकले.

खरंच सांगते, ठरवून नाही. घशाने आपलं आपण केलं, दहा वर्षांची नोकरी आहे त्याची. काचेवर वाफेचा गोळा उमटला. त्या गोळ्याच्या कडेने मी पाहिलं, की तू अजून गुंडाळलेलीच आहेस. मी हाक देऊन बसले होते आणि तू उघडली नव्हतीस.  मला सप्टेंबर दिसला, जो मी पाहिला नव्हता.

आणि मग तू उघडलीस. माझ्यानंतर. पापणी पडायला लागतो एवढा वेळ असेल, पण नंतर. आणि आत गेलीस. पाणी वर आलंच नाही. एक पांढरी चकती उमटली आणि मिटली.

आवाज मला आला नाही. हॉलमधली माणसं उभी राहताना दिसली. पेरोनेच्या तोंडातून शिट्टी पडून पाण्यात गेली.

साडेआठ, साडेआठ, आठ, नऊ, साडेआठ. विझिंतिनने नऊ दिले. तू चौथी आलीस. राष्ट्रीय संघात पहिल्या तिघी जातात. दीड गुणाने हुकलं. बारवाला म्हणाला, "अरेरे, बिचारी!" मी त्याला म्हटलं, त्या शब्दाचा उपयोग त्याने दुसऱ्या कोणासाठी तरी करावा.

आता मला जे लिहायचं आहे ते. हा सूर तू माझ्या खोकल्यावर अकरा वेळा स्पर्धेत मारला होतास. अकराही वेळा पाणी उडालं. सहा, साडेसहा, फार तर सात. पंच म्हणायचे, सूर आखूड पडतो, शेवटची फेरी पुरी होत नाही. मी तुला म्हणायचे, पोटाचे स्नायू ढिले आहेत, पास्ता कमी कर, मन लावत नाहीस. एकदा बोल्झानोहून परतताना गाडीत रस्ताभर तुला बोलले, आणि तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. आज मी तो सूर काचेमागून पाहिला, पहिल्यांदा, नुसता पाहिला. तू आखूड नव्हतीस. मी लवकर खोकत होते. मी भ्यायचे, म्हणून लवकर. आणि तू माझं ऐकायचीस.

आपण दोघी समजत होतो की मी तुला पदकं दिली. मी ती अर्धवट करून दिली.

तेवीस तारखेला समितीसमोर जाईन. ते विचारतील, किती वेळा, कुठल्या रांगेतून, करून दाखवा. करूनही दाखवीन. पण पत्रात नसलेली एक गोष्ट मला त्यांच्या वहीत लिहून घ्यायची आहे: की ती मदत नियमाबाहेरची तर होतीच, शिवाय चुकीची होती, आणि आमच्या दोघींत पाणी जिला दिसतं ती खाली हॉलमध्ये होती.

निवेस